‘सगळी पार्टिशनं उडव’ हा सल्ला ऐकण्याआधी

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला सहा वर्षं झाली. घेतला तेव्हा त्यात विंडोज १० होतं, नंतर मी अपडेट करून ११ घेतलं. गेले काही महिने तो सुरू व्हायलाच खूप वेळ घेतो आणि आठवड्यातून एकदा तरी निळा पडदा येऊन बंद पडतो. ओळखीतल्या एकाने सांगितलं, ‘पेन ड्राइव्हवरून विंडोज टाक, टाकताना सगळी पार्टिशनं उडव, लॅपटॉप नवाकोरा होईल.’ त्याआधी मी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहिलं; डिस्कचे वेगळे केलेले तुकडे, म्हणजे पार्टिशनं, त्यात दिसतात. सी ड्राइव्हच्या आजूबाजूला तीन तुकडे दिसतात. एक २६० एमबीचा, एक ९८० एमबीचा आणि एक चक्क १४ जीबीचा. त्यावर रिकव्हरी असं लिहिलंय. एकालाही ड्राइव्हचं अक्षर नाही, त्यामुळे उघडूनही पाहता येत नाही. वर्षभराने हा लॅपटॉप भाचीला द्यायचा आहे. तेव्हा तो कंपनीतून आला तसा करून द्यावा, असं मनात आहे. म्हणून रिकव्हरी घालवायची नाही, पण विंडोज मात्र स्वच्छ हवं. दोन्ही जमेल का? विंडोजची की, म्हणजे ते सक्रिय करायचा परवाना क्रमांक, माझ्याकडे कुठेच लिहिलेली नाही.

उत्तर :

दोन्ही जमेल. आणि सगळं उडवण्याआधी तुम्ही थांबून डिस्क मॅनेजमेंट उघडलंत, हे फार बरं केलंत. बहुतेक जण ते तुकडे पाहतात तेव्हा ते आधीच गेलेले असतात.

विंडोज टाकताना फक्त सीला हात लावायचा, बाकीच्यांना नाही, एवढंच खरं तर करायचं आहे. पण तेवढं सांगून मी थांबले तर तुमचं नुकसान होऊ शकतं. कारण पार्टिशन जागेवर राहिलं म्हणजे रिकव्हरी राहिली, असं नसतं. १४ जीबीचा तो तुकडा डिस्कवर तसाच पडून असतो, पण त्याच्यापर्यंत नेणारी वाट बंद झालेली असते, असं मी अनेक लॅपटॉपमध्ये पाहिलंय. तुम्ही १० वरून ११ वर गेला आहात, म्हणजे ती वाट कदाचित तेव्हाच बंद झाली असेल. ते आधी तपासायचं, मग विंडोजकडे वळायचं.

पहिल्यांदा ते तुकडे कशाचे ते पाहू. २६० एमबीचा आहे तो लॅपटॉप सुरू होण्यासाठी लागतो. बटण दाबल्यावर लॅपटॉप सर्वात आधी तिथे जातो आणि विंडोज कुठे आहे ते विचारतो. ९८० एमबीचा मायक्रोसॉफ्टचा आहे. विंडोज सुरूच होईना, की जो निळ्या रंगाचा दुरुस्तीचा मेनू येतो, तो त्यात राहतो. हा गेला तर वाईट वाटून घेण्याचं कारण नाही, नवं विंडोज टाकताना तो पुन्हा तयार होतो. १४ जीबीचा मात्र लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा आहे. लॅपटॉप खोक्यात भरला त्या दिवशी त्यात जे विंडोज, जे ड्रायव्हर (टचपॅड, पडदा असे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आणि जे प्रोग्रॅम होते, त्यांची ती दाबून बसवलेली प्रत. हा एकदा गेला की लॅपटॉपमधलं काहीही तो परत बनवू शकत नाही. तुम्हाला जपायचा आहे तो हा.

तो काय नाही, हेही सांगते, कारण याच गैरसमजातून लोकांचे फोटो गेलेत. तो तुमच्या फाइलींचा बॅकअप नाही. त्यात तुमचं एक अक्षरही नाही. उलट ती रिकव्हरी चालवली की सी पुसला जातो आणि त्यावर पहिल्या दिवसाचं विंडोज येऊन बसतं.

आता तुमच्या निळ्या पडद्याबद्दल. सुरू व्हायला वेळ लागणं हे विंडोजमध्ये कचरा साचल्यामुळे असू शकतं, पण दर आठवड्याला निळा पडदा येतो तेव्हा मला आधी डिस्क आणि रॅमचा संशय येतो. त्यांच्यात बिघाड असेल तर विंडोज कितीही वेळा टाका, चार दिवसांनी पुन्हा तेच. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, आणि तिथून डिस्क्स अँड व्हॉल्यूम्सपर्यंत जा. तुमची एसएसडी एनव्हीएमई प्रकारची असेल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये तिची तब्येत आणि उरलेलं आयुष्य टक्क्यांत दिसतं. रॅमसाठी सर्चमध्ये विंडोज मेमरी डायग्नोस्टिक शोधा. लॅपटॉप रीस्टार्ट होऊन तपासणी करतो. डिस्क खराब निघाली तर हे पत्र इथेच बाजूला ठेवून आजच फाइली बाहेर काढा. रिकव्हरी पार्टिशनही त्याच डिस्कवर आहे. डिस्क गेली की तेही गेलं.

डिस्क ठणठणीत निघाली, तरी पेन ड्राइव्हकडे जायची घाई करू नका. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे ‘विंडोज अपडेट वापरून दुरुस्त करा’ अशा अर्थाचा एक पर्याय आला आहे. तो विंडोज नव्याने उतरवून जागच्या जागी बसवतो आणि तुमच्या फाइली, प्रोग्रॅम, सेटिंग्ज ठेवतो. त्याच पानावर ‘रीसेट धिस पीसी’ आहे. त्यात फाइली ठेवता येतात, प्रोग्रॅम मात्र जातात. क्लाउड डाउनलोड निवडलं तर ताजं विंडोज इंटरनेटवरून येतं, साधारण ४ जीबीचं. या दोन्ही वाटांनी कंपनीच्या पार्टिशनला धक्का लागत नाही. तुमच्या जागी मी असते तर आधी पहिला पर्याय करून पंधरा दिवस पाहिलं असतं. त्याने भागलं नाही, की मग पेन ड्राइव्ह.

आता रिकव्हरीची वाट तपासायची. लॅपटॉप बंद करून सुरू करा आणि कंपनीचा लोगो दिसताच रिकव्हरीचं बटण दाबत राहा. एचपीमध्ये एफ११, एसरमध्ये ऑल्ट आणि एफ१०, असूसमध्ये एफ९. लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपना कडेला एक बारीक भोक असतं, लॅपटॉप बंद असताना त्यात टाचणी घालून आतलं बटण दाबायचं. कंपनीच्या नावाचा रिकव्हरीचा पडदा आला, फॅक्टरी रिस्टोअर किंवा तत्सम शब्द दिसले, की वाट उघडी आहे. तिथूनच मागे फिरा. पुढचं बटण दाबायचं नाही. नुसताच मायक्रोसॉफ्टचा निळा मेनू आला आणि त्यात कंपनीचं काहीच नसेल, तर वाट आधीच बंद आहे असं धरून चाला.

असं का होतं? जुन्या लॅपटॉपमध्ये त्या बटणाची सूचना डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या भागात लिहिलेली असायची. नवं विंडोज किंवा लिनक्स टाकलं की ते आपली सूचना तिथे लिहीत असे आणि कंपनीची पुसली जात असे. आताच्या लॅपटॉपमध्ये बटण दाबल्यावर बहुधा आधी मायक्रोसॉफ्टचा छोटा तुकडा उघडतो आणि त्यात कंपनीने जोडलेला प्रोग्रॅम मोठ्या तुकड्यापर्यंत नेतो. विंडोजच्या मोठ्या अपडेटमध्ये छोटा तुकडा बदलला, की ती जोडणी सुटते. १४ जीबी तिथेच असतात, त्यांना हाक मारणारं कोणी उरत नाही.

म्हणून तुमची रिकव्हरी लॅपटॉपच्या बाहेर एक तरी ठिकाणी असलीच पाहिजे. यावर मी अडून बसते, कारण हे माझ्यावर बेतलेलं आहे. काही वर्षांपूर्वी घरातल्या एका लॅपटॉपमध्ये जागा कमी पडत होती आणि मी असाच एक मोठा तुकडा ‘वाया गेलेली जागा’ समजून पुसला. पुढे विंडोज टाकलं तेव्हा टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकेना आणि पडद्याचा उजेड कमी करणाऱ्या कीज चालेनात. ते दोन ड्रायव्हर त्याच तुकड्यात होते आणि तोवर ते मॉडेल कंपनीच्या यादीतूनही गेलं होतं. त्या लॅपटॉपला शेवटपर्यंत माउस जोडून ठेवावा लागला.

बाहेर प्रत काढायचे दोन मार्ग मला भरवशाचे वाटतात. पहिला कंपनीचाच. डेल, एचपी आणि लेनोव्हो यांच्या अधिकृत साइटवर लॅपटॉपच्या खालचा सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग टाकला की त्या मॉडेलची रिकव्हरी पेन ड्राइव्हवर उतरवून देणारं साधन मिळतं. तुमचं मॉडेल यादीत असेल तर हे आजच करून ठेवा. जुनी मॉडेलं त्या यादीत कायम राहतात असं नाही.

दुसरा मार्ग म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रतिमा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढणं. क्लोनझिला हे त्यासाठीचं मोफत साधन आहे. दिसायला रुक्ष आहे, नुसती अक्षरं आणि बाणांच्या कीज, पण ते पार्टिशनांची मांडणी, छोटे तुकडे, मोठा तुकडा सगळं जसंच्या तसं उचलतं आणि भरलेला भागच घेतं, त्यामुळे जागाही कमी लागते. त्यात ‘सेव्हडिस्क’ निवडायचं. खालीच ‘रिस्टोअरडिस्क’ असतं, ते उलट दिशेने काम करतं, म्हणजे बाहेरून आत लिहितं. हे दोन शब्द नीट वाचून मगच एंटर दाबा.

विंडोजमध्ये ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ नावाचंही एक साधन आहे. किमान १६ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं. ते जरूर करा, अडल्या वेळी कामाला येतं. पण कंपनीचे १४ जीबी त्यात आले असं समजू नका. विंडोज १० पासून ते साधन सध्या चालू असलेल्या विंडोजच्या फाइली उचलतं, कंपनीची मूळ प्रत नाही.

प्रत्यक्ष विंडोज टाकण्याआधी आणखी दोन गोष्टी. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या फाइली कुलूपबंद ठेवणारी सोय, सुरू आहे का ते पाहा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते न सांगताच सुरू झालेलं असतं. सुरू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दिसते. ती कागदावर उतरवा आणि डिस्कची प्रतिमा काढण्यापूर्वी एन्क्रिप्शन बंद करून पूर्ण उलगडू द्या. अर्ध्या वाटेत लॅपटॉपने ती की मागितली आणि ती हाताशी नसेल, तर तुमच्या फाइली कोणालाच उघडता येणार नाहीत, मायक्रोसॉफ्टलासुद्धा. आणि फाइली. फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड हे सगळं वेगळं काढून घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

विंडोजच्या कीची काळजी सोडा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, विंडोजसकट विकल्या गेलेल्या लॅपटॉपमध्ये की बायोसमध्येच, म्हणजे डिस्कपासून वेगळ्या असलेल्या चिपमध्ये, कोरलेली असते. शिवाय तुमचं विंडोज एकदा सक्रिय झालेलं आहे, त्यामुळे त्या लॅपटॉपची नोंद मायक्रोसॉफ्टकडे आहे. सेटअपने की मागितलीच तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा. आता विंडोज होम असेल तर होमच टाका, प्रो असेल तर प्रो. इंटरनेट जोडलं की आपोआप सक्रिय होईल.

आता मुख्य काम. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलने त्यावर विंडोज ११ उतरवा. चार्जर लावलेला असू द्या. लॅपटॉप सुरू करताना बूट मेनू, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते निवडायची यादी, उघडा (डेलमध्ये एफ१२, एचपीमध्ये एस्केप आणि मग एफ९). पेन ड्राइव्हचं नाव तिथे कधी कधी दोनदा दिसतं. ज्याच्या पुढे यूईएफआय लिहिलंय, तेच निवडा. चुकून दुसरं निवडलं तर पुढे एक संदेश येतो : ही डिस्क जीपीटी प्रकारची आहे, हिच्यावर विंडोज टाकता येत नाही. तो वाचून लोक घाबरतात, कुठे तरी ‘सगळी पार्टिशनं उडवा म्हणजे जाईल’ असं वाचतात आणि उडवतात. जास्तीत जास्त रिकव्हऱ्या याच संदेशापायी गेल्या असतील असं मला वाटतं. डिस्कमध्ये काहीही बिघाड नसतो. लॅपटॉप बंद करायचा आणि यूईएफआयवाल्या नावाने पुन्हा सुरू करायचा, एवढंच.

अलीकडच्या सेटअपमध्ये सुरुवातीलाच एक चौकट येते : ‘फाइली, ॲप्स, सेटिंग्ज सगळं पुसलं जाईल हे मला मान्य आहे’. तिच्यावर खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती खूण केल्याने लगेच काही पुसलं जात नाही. काय पुसायचं ते तुम्ही पुढे पार्टिशनांच्या पडद्यावर ठरवता.

त्या पडद्यासाठी आधीच एक कागद तयार ठेवा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतात ते चारही आकार त्यावर लिहा. तुमची डिस्क ५१२ जीबीची असेल तर विंडोज ती सुमारे ४७६ जीबी दाखवतं, म्हणजे सी साधारण ४६१ जीबीचा असेल. सेटअपमध्ये मात्र तुम्हाला चारच्या जागी पाच ओळी दिसतील. १६ एमबीची एक जास्तीची ओळ असते, तिच्यापुढे एमएसआर लिहिलेलं असतं. ती विंडोजने राखून ठेवलेली जागा आहे आणि डिस्क मॅनेजमेंट ती दाखवतच नाही. तिलाही हात लावायचा नाही. तिथे सी, डी ही अक्षरंही नसतात, नुसते क्रमांक आणि आकार असतात. म्हणून ओळख आकारावरूनच पटवायची.

४६१ जीबीची ओळ निवडा आणि फॉरमॅट करा. डिलीट नको. डिलीट करूनही विंडोज बसतं, पण मग तिथे नवं पार्टिशन तयार होतं, त्याची आतली ओळख बदलते आणि मांडणी हलू शकते. कंपन्यांचे रिकव्हरी प्रोग्रॅम आपली ठरलेली मांडणी धरून चालतात. फॉरमॅटने पार्टिशन तेच राहतं, फक्त आतलं रिकामं होतं. फॉरमॅट झालं की तीच ओळ निवडलेली आहे ना ते पुन्हा पाहा आणि पुढे जा. २६० एमबीचा तुकडा सेटअप स्वतःच वापरून घेतं, त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

या पडद्यावर एकही ओळ दिसली नाही, डिस्कच नाही असं म्हणाला, तर डिस्क गेली असं समजू नका. इंटेलच्या, विशेषतः ११व्या पिढीपासून पुढच्या लॅपटॉपमध्ये हे सर्रास होतं. सेटअपकडे त्या स्टोरेजचा ड्रायव्हर नसतो. तुमच्या मॉडेलच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आधीच उलगडून ठेवा आणि तिथल्या ‘लोड ड्रायव्हर’ने तो दाखवा. आणि कोणी काळ्या पडद्यावर डिस्कपार्ट उघडून ‘क्लीन’ लिहायला सांगितलं, तर ते लिहू नका. त्या एका शब्दाने पाचही ओळी जातात, ‘नक्की का?’ असंही तो विचारत नाही.

विंडोज बसल्यावर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि रीएजंटसी ही आज्ञा द्या. इंग्रजीत आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी ही अक्षरं सलग, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून इन्फो. विंडोजची दुरुस्ती चालू आहे की बंद, हे त्यात कळतं. डिसेबल्ड दिसलं तर इन्फोच्या जागी एनेबल लिहून पुन्हा द्या. ती कोणत्या पार्टिशनमध्ये आहे, तेही त्यातच दिसतं. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये १४ जीबी जागेवर आहे ना ते पाहा आणि रिकव्हरीचं बटण पुन्हा एकदा दाबून पाहा. चाललं तर उत्तमच. नाही चाललं तरी प्रत तुमच्या हातात आहे.

राहता राहिला भाचीचा प्रश्न. ती रिकव्हरी चालवलीत तर लॅपटॉपमध्ये सहा वर्षांपूर्वीचं विंडोज १० येईल. त्याची मोफत साथ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आहे. म्हणजे तिच्या हातात देण्याआधी तुम्हाला पुन्हा ११ वर जावं लागेल आणि कंपनीने भरलेले चाचणी प्रोग्रॅमही काढत बसावे लागतील. त्यापेक्षा देण्याच्या दिवशी रीसेटमध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय सुरू ठेवा. तिला ताजं विंडोज ११ मिळेल आणि तुमच्या फाइली मागे राहणार नाहीत. १४ जीबीचा तुकडा मात्र तसाच राहू द्या आणि रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह चार्जरच्या पिशवीत टाका, त्यावर चिठ्ठी लावून मॉडेल आणि तारीख लिहून.

पार्टिशनांचा पडदा समोर आला की काहीही दाबण्याआधी मोबाईलवर त्याचा फोटो काढा आणि कागदावरच्या आकारांशी ताडून पाहा. एकही आकार जुळला नाही, तर बटण दाबून लॅपटॉप सरळ बंद करा आणि तो फोटो मला पाठवा. फॉरमॅट किंवा डिलीट दाबलेलं नसेल तोवर आतलं सगळं जागेवर असतं.